खाटेभोवती फेऱ्या

चि. कल्पिता,

सायवनला तुझ्याकडे यावं असं फार वाटतं. तिथे सुका जवळा नाही, त्या बारीक कोळंबीच्या वासानं माझा घसा सुजणार नाही.

डॉक्टर म्हणतात, सांधे आखडू नयेत म्हणून रोज चाला. पण इथे दारोदारी जवळा वाळतोय. म्हणून खिडक्या लावून, शाळेतल्या कविता म्हणत खाटेभोवतीच फिरतो.

तुझी आई जवळा विकून आली की मागच्या दारी अंघोळ करूनच आत येते. काल ओल्या केसांनी म्हणाली, "थांबलात का? दुसरं कडवं राहिलं!"

"गुडघा दुखतोय गं."

"मग मी म्हणते. तुम्ही चाला."

तिला सगळं पाठ होतं!

हे वाचलंस तर तिला धंदा सोडायला लावशील, म्हणून पत्र उशाखालीच ठेवतो.

तुझा,
बंद खोलीतला बाबा