यादीतलं चौथं घर

आई,

'प्रिय' लिहायला हात धजत नाही. तू समजून घेशील. नाही घेतलंस तरी आता काय करणार?

तुला जाऊन पाच महिने झाले. इतके दिवस लिहावंसं वाटलं नाही. आज लिहिते आहे, कारण काल तुझं वाक्य माझ्या तोंडून निघालं.

शकीलाचाची आली होती. शेजारच्या शिंप्याची बायको, तुझी मैत्रीण. हातात वही. गल्लीत दमा कुणाकुणाला आहे त्याची यादी पुन्हा सुरू झाली आहे, या वेळी ती करते आहे. गल्लीमागे कोळशाच्या वाघिणी भरतात त्या रेल्वे सायडिंगवर आणखी एक रूळ पडणार आहे. त्याआधी सरकारकडे नावं द्यायची आहेत. माझी मेघा आत गणितं सोडवत होती. तिच्या छातीतली शिट्टी दारापर्यंत ऐकू येत होती.

"बेटी, मेघाचं नाव लिवू ना?"

"तिले काही नाई, चाची. सर्दी हाय."

चाचीनं माझ्याकडे पाहिलं. पेनाला टोपण लावलं. "तुही माय बी हेच बोलली होती," म्हणाली आणि पुढच्या घरी गेली.

आई, किती सहज आलं ते वाक्य! जिभेवर ठेवल्यासारखं.

मेघा तुला अंगणवाडीतली बाई म्हणूनच ओळखते. शेगड्यांची गोष्ट तिला माहीत नाही. आता गल्लीत गॅस आहे. तेव्हा घरोघरी कच्चा कोळसा जळायचा. निखारा लाल होईपर्यंत शेगडी दारात, आणि तो पिवळा, जड धूर गल्लीत बसून राहायचा. वरून सायडिंगची काळी धूळ. तू म्हणालीस, "आधी आपला धूर बाजूले करू. मंग त्याइची धूळ दाखवू. नाई तं म्हनतील, तुमीच कोळसा जाळता, तुमीच खोकलता."

कुणी ऐकणार नाही असं मला वाटलं होतं. ऐकलं! नाल्यापलीकडच्या मोकळ्या जागेत पहाटे सगळ्या शेगड्यांची रांग लागायची. प्रत्येकीवर खडूनं घराचा नंबर. तरी भांडणं व्हायचीच.

"माही शेगडी कोनं नेली वं? तिचा एक पाय मोडका हाय!"

"मंग लंगडत गेली असन कुठी तरी!"

तू पदर तोंडाला लावून हसायचीस. त्या हिवाळ्यात सकाळी गल्लीच्या या टोकावरून त्या टोकाचा हातपंप दिसू लागला. एवढी साधी गोष्ट. पण बायका उगाच दारात उभ्या राहून तो हातपंप बघायच्या.

मग तू यादी केलीस. बाळाचं वजन विचारता विचारता रात्री कोण बसून झोपतं तेही विचारायचीस. लोक सांगायचे. डॉक्टरला सांगत नव्हते ते तुला सांगायचे. मुलीचा दमा कोण बोलून दाखवतो? पण बाईच्या वहीत नाव गेलं म्हणजे ते सुरक्षित आहे, असा त्यांचा विश्वास होता.

धुळीची तक्रार ऐकायला चंद्रपूरहून प्रदूषण मंडळाचे साहेब आले. समाजमंदिरात सगळी गल्ली. साहेबांनी खुर्ची रुमालानं पुसली, काळा झालेला रुमाल पाहिला आणि घडी घालून खिशात ठेवला. ज्याचं नाव येईल त्यानं उभं राहायचं, असं ठरलं होतं. तूच ठरवलं होतंस. घरांच्या क्रमानं तू वाचू लागलीस. पहिलं घर. दुसरं. तिसरं, शकीलाचाचीचा रफीक. तो उभा राहिला. चौथं आपलं. मी पाय आवरून, उठायच्या तयारीत बसले होते.

तू पाचवं घर वाचलंस.

"बाई, तुमचं घर रायलं," चाची म्हणाली. तिला वाटलं, चुकून राहिलं.

"वनिताले काही नाई. सर्दी हाय."

तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. मी खोकला दाबून धरला होता. तुला खोटं पाडायचं नव्हतं म्हणून. हे तुला कधी कळलं का?

वडशाचे पाहुणे त्याच आठवड्यात मला पाहायला येणार होते, हे गल्लीला ठाऊक होतं. पाचव्या घरची बाई उठली. "मंग माह्या पोरीचं नाव बी काटा. तिले का पाहाले येनार नाई?" मागून कुणी म्हणालं, "माह्या बुढ्याले बी सर्दीच हाय, लिवून घ्या." लोक हसले. ते हसू मला अजून ऐकू येतं. चाचीनं रफीकचा हात धरून त्याला खाली बसवलं. शेवटी साहेब म्हणाले, "आजारीच कोणी नाही, तर मी काय लिहू?"

पुढच्या आठवड्यात शेगड्या पुन्हा दारात आल्या. तू कुणाला काही बोलली नाहीस. कोणत्या तोंडानं बोलणार होतीस?

माझं लग्न झालं. कुठं दिलंस मला, आई! भात गिरणीच्या घरात. अंगणात कोंडा, भाकरीवर कोंडा, श्वासात कोंडा. दम्याचा पंप मी साडीच्या घडीत लपवायची. पहिल्याच हंगामात सासूनं पकडलं. "काऊन वं, हे काय ओढून राह्यली?" मी म्हटलं, सर्दीचं औषध.

तिला सगळं कळल्यावर ती ओरडली नाही. म्हणाली, "सांगतलं असतं तं मांगची खोली देली असती. खोटं काऊन बोलली तुही माय?" खरंच दिली असती का? कोण जाणे. पण त्यानंतर, दूध तापवलं का, हेही ती मला दोनदा विचारायची. गिरणीच्या वाटण्या होऊन आम्ही इथं, तुझ्या गल्लीत, राहायला येईपर्यंत विचारत राहिली.

एकदाच मी तुला जाब विचारला. तू तांदूळ निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "तुह्यं घर बसलं ना?"

बसलं, संसार उभा राहिला. आणि रफीक? तो आजही पाठीला दोन उशा लावून बसून झोपतो. त्याचं नाव तुझ्या वहीत होतं, आई. तू ते खोडलं नव्हतंस. पण चाचीला खोडायला लावलंस.

मला वाटायचं, तू फक्त मला फसवलंस. काल चाची टोपण लावून निघून गेली तेव्हा कळलं, तिला काय वाटलं असेल. तिनं तर तुझ्यावर मुलगा सोपवला होता.

तुला माफ केलं असं मी लिहिणार नाही. ते माझ्या एकटीच्या हातात नाही.

हे पत्र संपवून मी चाचीकडे जाते आहे. मेघाचं नाव लिहून देईन आणि माझंही. मेघाला सकाळीच सांगितलं. ती म्हणाली, "मंग वर्गात चिडवतील ना मले." मी म्हटलं, चिडवतील. तिनं दप्तराचा पट्टा खांद्यावर घेतला. मग म्हणाली, "पुरं नाव लिव. दुसरी बी मेघा हाय गल्लीत."

तुला एक वचन देते. उद्या तिला पाहायला कुणी आलं तर चहा देण्याआधी मी सांगेन. ते उठून गेले, तर तुझी भीती खरी होती एवढं मी मान्य करीन. नाव मात्र काढू देणार नाही.

तुझी,
वनिता