बर्न्ट मोटर्सचा स्वल्पविराम

पिंप्राळा, जळगाव

आदरणीय तोताराम नाना,

असलमचा सलाम. गुडघा कसा आहे? शिंदखेड्याचं ऊन कडक, दुपारी दुकानात बसू नका. (बसणारच तुम्ही, पण सांगायचं काम माझं.) इकडे सगळे मजेत.

तुमच्याकडे मोटारी-पंख्यांचं वाइंडिंग शिकून निघालो त्याला बावीस वर्षं झाली. आता बारीक तार दिसेनाशी झालीय, म्हणून धुळ्याच्या एका खासगी आयटीआयत शिकवायच्या जागेसाठी अर्ज केला. रेझ्युमे इंग्रजीत हवा होता. आमची सदफ बी.ए.ला आहे, ती माझी मास्तरीण झाली. म्हणाली, अब्बा, 'आय' कुठेच लिहायचा नाही, ओळ क्रियापदाने सुरू करायची, जुनं काम भूतकाळात, आणि पूर्णविराम द्यायचा तर सगळ्या ओळींना, नाहीतर एकीलाही नाही. (बावीस वर्षं राबलो मी, आणि कागदावर मीच नाही.) तिने लिहिलं, 'रिपेअर्ड बर्न्ट मोटर्स अँड फॅन्स', म्हणजे जळलेल्या मोटारी आणि पंखे दुरुस्त केले. मला ते उलटं वाटलं. पाण्याची मोटार आधी जळते, मग दुरुस्त होते. ती कॉलेजला गेल्यावर मी 'बर्न्ट मोटर्स' पुढे आणलं, 'अँड' काढला आणि वाचणाऱ्याला दम घ्यायला एक स्वल्पविराम दिला: 'बर्न्ट मोटर्स, रिपेअर्ड फॅन्स'.

मुलाखतीत प्राचार्य मॅडमनी ती ओळ दोनदा वाचली. मग शांतपणे विचारलं, "बावीस वर्षं तुम्ही मोटारी जाळल्या आणि पंखे दुरुस्त केले?"

नाना, एसीत घाम फुटला. इंग्रजीत समजवायला गेलो असतो तर आणखी दहा जळल्या असत्या. म्हणालो, "मॅडम, एखादी जळकी मोटार असेल तर दाखवा."

वर्कशॉपात एक उघडून ठेवली होती. दोन फेजच्या कॉइल काळ्या, तिसऱ्याच्या लख्ख. एक फेज गेलेला असताना कुणीतरी चालवली, हे मी तुमच्यासारखं बोट ठेवून दाखवलं. पोरं जमली. अर्धा तास कसा गेला कळलं नाही. मॅडमही उभ्याच होत्या. निघताना म्हणाल्या, शिकवायला तुम्हीच या, टाइप मात्र दुसऱ्याकडून करून घ्या.

सदफ आधी रुसली. आता पंखा लावला की हसते.

तुमचा शागीर्द,
असलम

ता.क. नेमणुकीआधी ओळख देणारा माणूस लागतो, तिथे तुमचं नाव दिलं होतं. काल मॅडमचा निरोप आला, दुसऱ्या कुणाचं द्या. मला कळेना तुमच्यात काय कमी आहे.

ता.क. २. कळलं. चौकातल्या पाट्यांवर थोरामोठ्यांच्या नावाआधी 'लेट' असतं, म्हणून आदराने तुमच्याही नावाआधी लावलं होतं. अर्थ सदफने आज सांगितला. तेव्हा नाना, सोमवारी तुम्हीच मॅडमना फोन करा. आधी हयात आहात ते सांगा, त्यांना जरा सावरू द्या, मग माझ्याबद्दल बोला. नंबर मागे लिहिलाय.