किसुमूपर्यंत पायी

२ जानेवारी
आज चर्चमध्ये उभं राहून जाहीर केलं. शाळा बांधणी समितीचा अध्यक्ष या नात्याने मी, झाब्लोन ओगुतू, गावापासून किसुमू शहरापर्यंत चालत जाणार. दोन दिवसांची वाट. दर किलोमीटरमागे लोकांनी शाळेसाठी देणगी द्यायची. सगळे गप्प झाले. आदराने झाले असावेत. बायको, पर्पेच्युआ, माझ्या पोटाकडे बघत होती.
उद्यापासून सराव. पहाटे.

३ जानेवारी
पहाटे धुकं होतं. धुक्यात चालणं छातीला वाईट.

१९ जानेवारी
अपेक्षेपेक्षा जोरदार प्रतिसाद. मोंबासाच्या बंदरातली आपली माणसं, दोहाला नर्स असलेली आपल्या गावची अचिएंग, सगळ्यांनी शब्द दिला. त्या भरवशावर वीटवाल्याने भट्टी लावलीसुद्धा. आता माघार नाही. रात्रभर कूस बदलत राहिलो. ओमेना मासळी बाधली असणार.
दुकानापर्यंत चाललो. परत सायकलवर डबलसीट आलो, कारण ऊन.

२६ फेब्रुवारी
वरच्या बाजूला पाऊस लवकर लागलाय. नदी फुगली. सध्याची शाळा पलीकडच्या काठाला, म्हणून तर नवी आपल्या काठावर बांधायची. गेल्या वर्षी एक मुलगी वाहत गेली होती, झाडाला अडकली म्हणून वाचली. लहानांना आया आता घरीच ठेवतात. पर्पेच्युआ रोज सकाळी थोड्यांना पाठीवर घेऊन पार करते. भिजून आली आणि म्हणाली, अहो, तुम्ही चालताय ना जरा तरी? म्हटलं, ताकद साठवतोय. ती मक्याच्या पिठाची उगाली घोटत राहिली.

१२ मार्च
निघालो. रेव्हरंडनी प्रार्थना केली, बायकांनी गाणी म्हटली. पाणी आणि डबा घेऊन पर्पेच्युआ सोबत.
दुपार. डाव्या टाचेला फोड. मनाने ठणठणीत.
संध्याकाळी तिच्या मावशीकडे मुक्काम. फोड दोन झाले.

१३ मार्च
सकाळी बाजारात पर्पेच्युआला म्हटलं, तू हो पुढे, मला इथल्या वडीलधाऱ्यांशी शाळेबद्दल बोलायचंय. बोललोही. त्यांतल्या एकाचा मुलगा मोटरसायकलवाला होता. पुढचा चढ तेवढा संपेपर्यंत त्याच्या मागे बसलो. चढ संपला तेव्हा उतार लागला, आणि उतारावर उतरणं धोक्याचं. वाटेत पर्पेच्युआला मागे टाकलं. हेल्मेट होतं, तिने ओळखलं नसावं.
शेवटच्या वळणाआधी उतरलो. तोंडावर पाणी मारलं. लंगडत पोचलो, ते मात्र खरं लंगडणं. टाळ्या. बसने पुढे आलेल्या रेव्हरंडनी मिठी मारली. दोहाहून अचिएंग फोनवर दिसत होती, म्हणाली, काका, पाय दाखवा.
तेव्हा लक्षात आलं, डावा बूट नाही.
मला काही सुचायच्या आत मोटरसायकलवाला आला. म्हणाला, काका, हँडलला अडकवलेला बूट राहिला तुमचा.
सगळ्यांनी आधी बुटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मोंबासाहून खास आलेला आपल्यातला एक जण म्हणाला, मग आमचा शब्द संपला. मी इंजिनाचा वेग आणि माणसाची जिद्द यावर थोडं बोललो. कुणी ऐकलं नाही. मला वीटवाल्याची पेटलेली भट्टी दिसत होती.
अचिएंगने विचारलं, काकू कुठे आहेत?
कुणालाच माहीत नव्हतं. सगळे रस्त्याकडे बघत बसले. मीही. दिवस कलला तेव्हा ती आली, हातात चपला, डोक्यावर डबा. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, नुसते उभे राहिले. मोंबासावाल्याने तिच्या चालण्यावर आपला शब्द पुन्हा दिला. ती म्हणाली, चहा असेल तर द्या.

१५ मार्च
घरी. विटा उद्या येतात. पावसाचा जोर वाढायच्या आत शाळेच्या खोलीवर पत्रे चढतील, असं गवंडी म्हणतो.
पर्पेच्युआच्या तळव्यात काच गेली होती. आज काढली. ती म्हणाली, काच गेली तेव्हाच तुम्ही मोटरसायकलवरून आलात. मी हात केला होता. वाटलं, थांबाल.
मी हिशेब केला. थांबलो असतो तर तीही बसली असती, आणि शाळा झाली नसती. म्हणजे शाळा एका अर्थाने माझ्यामुळेच. हा मुद्दा तिच्यापुढे मांडायला तोंड उघडलं. तिचा पाय माझ्या मांडीवर होता.
मांडला नाही. उठलो, चुलीवर पाणी कोमट करून परातीत आणलं.
ती म्हणाली, गार हवं होतं.