दिवाळीपर्यंत विकायचं नाही

४ ऑगस्ट, पहाट
झोपेतून उठलो तर कानात चौथीचा वर्ग घुमत होता. चाळीस पोरं एका सुरात कविता म्हणताहेत, बाकांवर हातांचा ठेका. शेजारी प्रभाकर. तो नुसते ओठ हलवायचा, आणि गुरुजी शाबासकी त्यालाच द्यायचे. कसले निर्मळ दिवस.
आजपासून शेअर बाजार शास्त्रशुद्ध. प्राणायामही.

७ ऑगस्ट
जलेबीच्या दुकानावर आमची बैठक. शाहपूरचा कडू म्हणे, केळी स्वस्त झाली की लोकांची पोटं साफ राहतात, तर औषध कंपन्या पडणारच. त्याची स्वतःची केळीची बाग आहे, त्यामुळे मत निःपक्ष नाही.
माझा सिद्धांत असा: हे शहर मावा जलेबी खातं, म्हणजे साखर वाढणार, म्हणजे साखर मोजायची यंत्रं खपणार. कंपनीचं नाव 'मधुमापन'. काय अनुप्रास आहे. असं नाव पडत नसतं.
प्रभाकर म्हणाला, पंडित, तुझं डोकं मास्तरकीत वाया गेलं यार. डोळे भरून आले. दोघांनी सारखेच शेअर घेतले. कडूने घेतले नाहीत.

८ ऑगस्ट
राजघाटावर तापीचं पाणी ओंजळीत घेऊन दोघांची शपथ: दिवाळीपर्यंत विकायचं नाही. मी खड्या आवाजात म्हटलं. प्रभाकरचेही ओठ हलले. साठ वर्षांची मैत्री म्हणजे ही.

१९ ऑगस्ट
भाव वर. संशोधनासाठी रोज दुकानावर बसून ताटल्या मोजतो. नुसतं बसणं बरं दिसत नाही, म्हणून शंभर ग्रॅम घेतो.
सौ. उषा म्हणते, रात्रीतून चारदा उठता, तांब्यावर तांबे पाणी पिता, एकदा साखर तपासून घ्या. तिला समजावलं की कंपनीच्या भागीदाराने स्वतःची साखर मोजणं नीतीला धरून नाही.
प्राणायाम उद्यापासून.

२८ ऑगस्ट, दुपारी ३
भाव फारच वर. विक्रीचं बटण कुठे आहे ते फक्त पाहून ठेवलं. दाबल्यावर पिन मागतात का, तेही पाहिलं. मागतात. तीनदा चुकला, खातं बंद झालं.
माणसाने शपथ घ्यावी तर अशी.

२ सप्टेंबर
मधुमापन कोसळली. धीर द्यावा म्हणून प्रभाकरला फोन केला. उचलला नाही. कडू भेटला. म्हणाला, भाऊ, त्याने तर पिछल्या हप्त्यातच निकालून टाकले. तुला नाही बोलला काय?
मला. नाही. बोलला.
दिवसभर अन्न गेलं नाही. जलेबी तेवढी गेली.

३ सप्टेंबर
तरी घाटावर त्याचे ओठ मी पाहिले होते. आवाज कुठे ऐकला होता?
निश्चय: जन्मात त्याचं तोंड पाहायचं नाही. त्याच्या विश्वासघातावर दीर्घ कविता लिहायला घेतली आहे. तिसऱ्याच कडव्यात तो फार चांगला माणूस निघाला. खोडलं.

संध्याकाळी ६
कडी वाजली. उषाने उघडलं. दारात प्रभाकर, हातात साखर मोजायचं यंत्र. दुसऱ्या कंपनीचं.
म्हणाला, आपल्या मधुमापनचं मशीन मी घरी आणलं होतं. पंधरा दिवस नॉर्मल दाखवत होतं, अन् लॅबमध्ये माझी साखर निघाली तीनशे. मग विकले. तुला सांगितलं असतं तर तू शपथ काढून बसला असतास. उषावहिनींनी बोलावलं म्हणून आलो.
म्हणजे घरातूनही दगा.
बोट दे, म्हणाला.
शाळेत कट्टी घेताना पुढे करायचो, ती करंगळीच दिली.