बुर्साला जाताना आईने काय काय शिकावं

बुर्सा, २ एप्रिल २०२५

ति. आईस,
संध्याचा सविनय जयभीम.

फोन केला की पप्पा स्पीकर लावतात आणि सगळ्या नौबादला बातमी कळते. म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतेय. तूही तसंच कर.

आता तुर्कस्तानच्या रीती ऐक. चपला दाराबाहेर काढायच्या, ते आपल्यासारखंच. पण घरात अनवाणी फिरायचं नाही, देतील त्या सपाता घालायच्या. लहान माणसं तुझा हात ओठाला आणि कपाळाला लावतील, तेव्हा घाबरून ओढून घेऊ नकोस. आपल्यासारखी मान डोलावलीस तर तुला समजलं नाही असं वाटून तेच पुन्हा सांगत बसतील. चहा छोट्या पेल्यात येतो आणि येतच राहतो. पुरे झाला की चमचा पेल्यावर आडवा ठेवायचा. मशीद बघायला जाऊ तेव्हा डोक्यावर पदर हवा. बाजारात घासाघीस चालते, पण किंमत चिकटवलेल्या दुकानात तुझं ते निम्म्याला मागणं नको!

माझ्या कारखान्यातला एम्रे तुला माहीतच आहे. तू आलीस की त्याच्या घरचे मला रीतसर मागायला येणार आहेत. मला तोच हवाय, पण तुमच्या दोघांच्या होकाराशिवाय मी पुढे जाणार नाही. लोभ आहेच, तो इकडे येईपर्यंत आटू देऊ नकोस.

तुझी,
संध्या

नौबाद, बिदर, ९ एप्रिल २०२५

चि. संध्यास,
अनेक आशीर्वाद.

कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून ठेवली आहे. काल शेजारी वीरभद्रप्पांच्या घरी मी कपावर चमचा आडवा ठेवून बघितला. सुधारानी अक्कांना वाटलं साखर कमी पडली, त्यांनी आणखी दोन चमचे घातली. तुझी रीत शेजारपाजारी चालत नाही.

तुझ्या पप्पांचं एकच पालुपद चालू आहे, की एवढ्या लांब पोरगी कामून द्यायची. सरतेशेवटी म्हणाले, शोभा, तू डोळ्यांनी बघ. मन लागलं तर मला सांग, न्हाई तर पोरीला घेऊनच ये. जिवाला जप, जेवत जा.

तुझी आई,
शोभाबाई

बुर्सा, १२ मे २०२५

संध्याच्या पप्पांना,
शोभाचा सप्रेम जयभीम वि. वि.

काल मंडळी येऊन गेली. मी काय करून बसले ते ऐका आणि हसा.

इथे पाहुण्यांना कॉफी मुलीनेच करून द्यायची असते. मी स्वयंपाकघरात डोकावले, तर आपली पोरगी एका कपात चमचाभर मीठ घालत होती! घाबरून साखर समजली असणार. मी टोकायच्या आत ती तबक घेऊन बाहेर गेली आणि तो कप नेमका एम्रेच्या हातात. चारचौघांत पोरीचं हसं होईल म्हणून मी उठले, त्याचा कप ओढून घेतला, माझा त्याला दिला आणि एका दमात पिऊन टाकला. डोळ्यांतून पाणी आलं, पण हूं की चूं केलं नाही.

त्याची आई नेवीनबाई अशा हसत सुटल्या की त्यांना ठसका लागला. संध्याने सांगितलं की ते मीठ मुद्दाम असतं. मुलाने तोंड वाकडं न करता ती कॉफी प्यायली, तर तो हिच्यासाठी काहीही सोसेल असं मानतात. बयेने मला सगळं शिकवलं आणि हेच तेवढं सांगायचं विसरली.

एम्रेने माझा हात कपाळाला लावला आणि संध्याकरवी विचारलं, की परीक्षा तर आईंनीच दिली, आता त्याने काय करायचं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी आत गेले आणि माझ्या हाताने कॉफी केली. मीठ एक चमचा घातलं. तुमची आठवण आली, मग आणखी एक घातलं. तळाचा गाळ लोक ठेवतात म्हणे, पोराने तोही प्यायला, आणि वर मला हसून दाखवलं. माझं मन लागलं हो. आता तुमचं सांगा. राग धरू नका.

तुमची,
शोभा

नौबाद, १३ मे २०२५

सौ. शोभास,
सप्रेम जयभीम.

पत्र वाचून एकटाच हसत बसलो. मग म्हटलं, बघू तरी. घरात कॉफी नव्हती, चहात दोन चमचे मीठ घातलं. दुसरा घोट गेला नाही, मोरीकडे पळालो.

आणि पोराने गाळासकट संपवली. माझा होकार कळव. पोरगी लांब जायलीय, याचं वाईट वाटतंय, ते वाटणारच. दोघींची वाट बघतोय, माया असू द्या.

तुझा,
प्रेमानंद