झोपमोड

इंदूर, ६ जुलै २००१

चि. सौ. सुलोचनास, अ. उ. आ.

आठवतं, कॉन्व्हेंटच्या मधल्या सुट्टीत आपण जांभळं खायचो आणि प्रार्थनेआधी एकमेकींना जीभ दाखवायचो, कुणाची जास्त रंगली म्हणून? काल डॉक्टर म्हणाले, माताजी, जीभ बाहेर काढा. मला हसूच फुटलं. जीभ मात्र उजवीकडे वळली होती.

हा दुसरा झटका. हात लुळा पडतो, शब्द अडखळतात, मग सुधारतं. पण पहिल्याइतकं नाही. मेंदूतल्या बारीक नसा बंद होताहेत म्हणे. पुढच्या वेळी तीन तासांच्या आत पोचलो तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देऊन पाहतील. त्याने मेंदूत रक्तस्रावही होऊ शकतो. ह्यांनी सगळं मन लावून ऐकलं. मिल बंद पडल्यापासून सांवेर रोडच्या गोदामावर रात्रीची चौकीदारी करतात. आता कोपऱ्यावरच्या ऑटोवाल्याला बजावून ठेवलंय, भिया, हाक मारली की निघायचं.

मुलांना गोड पापा.

तुझी
ताई

ग्वाल्हेर, १४ जुलै

ती. सौ. ताईस, शि. सा. न. वि. वि.

तुझी जीभ आत्ता वळली हे खोटं, ती सरळ होती कधी? हसलीस ना? मी मात्र पत्र वाचून रडले. इंजेक्शनला नाही म्हणू नकोस. जोखीम आहे, पण तुझं बोलणंच गेलं तर मला रागावणार कोण?

जीजाजींना म्हणावं, दिवसा ताईवर नजर ठेवा. तुमच्या घरी झोपेचं केवढं सोवळं! रात्रपाळीहून येऊन ते झोपले की तू निळा पडदा ओढायचीस आणि आमच्या पोरांना चमचासुद्धा वाजवू द्यायची नाहीस. क्षितिजा अजून तुझी नक्कल करते, ओठांवर बोट ठेवून.

दिवाळीला येतेच. तोवर जीव सांभाळ.

तुझी
सुलू

इंदूर, १९ ऑगस्ट

चि. सौ. सुलोचनास, अ. उ. आ.

डाव्या हाताने रोज थोडं थोडं लिहितेय. अक्षराला हसू नकोस.

हा झटका आला त्या दिवशी दुपारी जेवून आडवी झाले. ह्यांनी निळा पडदा ओढला, कामाच्या जनाबाईला मिक्सर लावू दिला नाही, भाजीवाल्याला गल्लीबाहेर घालवलं. हिने जन्मभर माझी झोप सांभाळली, आज मी हिची सांभाळतो, असं म्हणाले म्हणे. जनाबाईने नंतर सांगितलं.

संध्याकाळी जाग आली तेव्हा उजवं अंग माझं राहिलं नव्हतं. ऑटो लगेच आली. दवाखान्यात हे छाती काढून म्हणाले, उठल्याला तासही झाला नाही, इंजेक्शन द्या.

डॉक्टर माझ्याशी इंग्रजीत बोलले. वेळ उठल्यापासून मोजत नाहीत. शेवटचं धडधाकट पाहिल्यापासून मोजतात. झोपेत कधी सुरू झालं कुणाला ठाऊक? आता देता येणार नाही. मग हेच हिंदीत सांगायला ते ह्यांच्याकडे वळले. मी डाव्या हाताने त्यांचा कोट धरला आणि मान हलवली. भला माणूस. ह्यांना एवढंच म्हणाले, इनकी हालत में ठीक नहीं रहेगा. हे तेच खरं मानतात. तू आलीस की तुझ्या तोंडूनही दुसरं काही निघू नये.

पुढचा झटका फार लांब नाही, म्हणून सांगून ठेवते. मोत्यांच्या कुड्या क्षितिजाला. मिक्सर जनाबाईला, म्हणावं, हवा तेव्हा वाजव. कॉन्व्हेंटमधला आपला फोटो तुला. भिंतीवरचं घड्याळही तूच ने, ह्यांनी त्याच्याकडे बघत तास मोजू नयेत. निळा पडदा मात्र ह्यांच्यासाठी राहू दे. रात्रभर जागून आल्यावर दिवसा झोप लागायला हवी, आणि तो ओढायला आता कुणी नसेल.

माझ्यावरचा उरलेला लोभ ह्यांच्यावर कर.

तुझी
ताई