विंगेतला खोकला

प्रिय प्रॉम्प्टर,

तू अंघोळीला घरी गेलायस, तेवढ्यात लिहून घेते. समोर बसलास की बोलता येत नाही. तुझे डोळे भरतात आणि मग मलाच तुझी समजूत काढत बसावं लागतं.

सकाळी वन्संचा फोन. म्हणे, वहिनी, बुरशी पावावर येते, ती मणक्याच्या आत कशी शिरली? मी म्हटलं, आमच्या कपडेपटातल्या जुन्या मखमलीला विचारा. खरं तर ती कुठून आली हे डॉक्टरीणबाईंनाही सांगता येत नाही. गाठ समजून पाठ उघडली आणि तपासणीत निघाली बुरशी! इतकी दुर्मिळ, की शिकाऊ डॉक्टर मला बघायला रांग लावतात. जन्मभर नट्यांच्या पाठीवरची हुकं लावली, शेवटी माझ्याच पाठीचा प्रयोग हाउसफुल्ल.

आठवतं, तो नावाजलेला नट भर अंकात वाक्य विसरला होता? तू विंगेतून असा काही खोकलास, की त्याला पुढचं पानभर आठवलं. मी हातातली सुई तशीच धरून तुझ्याकडे बघत राहिले. लग्नाचं मी तेव्हाच ठरवलं होतं, तुला नंतर कळलं.

इथेही तू तेच चालवलंयस. डॉक्टरीणबाई मला डोळे मिटायला लावतात, माझ्या बधिर पायाचा अंगठा हलवतात आणि विचारतात, वर की खाली? तू खोकलास तर वर, गप्प राहिलास तर खाली. मीही तुझं ऐकून उत्तर देते, कारण डोळे उघडले की तुझा चेहरा फुललेला असतो. पण राजा, त्या उत्तरांवरून त्यांनी सलाइनमधलं औषध उद्यापासून बंद करून मला गोळ्यांवर आणायचं ठरवलं. मूत्रपिंडांना ते झेपत नाही, आणि पाय तर सुधारतोयच! आत बुरशी तशीच राहिली असेल तर?

म्हणून आज त्यांना बोलावलं आणि सगळं सांगून टाकलं. आधी हसल्या, मग रागावल्या, मग चाचणी पुन्हा घेतली. माझी उत्तरं चुकत गेली. औषध चालू राहणार, रक्त रोज तपासणार. पण शेवटी एकदा, कोणी खोकलं नसताना, अंगठा आपणहून बोलला. मी म्हटलं, वर. वरच होता! तेव्हा उद्या चाचणीच्या वेळी तू दाराबाहेर थांब. खोकू नकोस. माझं वाक्य मला आठवेपर्यंत नुसता थांब.

तुझीच,
कपडेपटवाली